भावा, सीट कुठं गेली? ट्रायल्स सायकल घेऊन कोल्हापूरबाहेरच्या खडकांपर्यंत कसं जायचं

शिवाजी पुलाच्या अलीकडे जरा पाणी प्यायला थांबलो की कुणीतरी दुचाकीवाला गाडी शेजारी आणतोच. सायकलीकडे खालून वर बघतो आणि विचारतो, "भावा, सीट कुठं गेली?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचो. आता "घरी ठेवलीया" म्हणतो आणि पुढं निघतो.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रायल्सची सायकल दगडावर, कट्ट्यावर, लाकडाच्या ओंडक्यावर पाय न टेकता चढवण्यासाठी बनवलेली असते. हा खेळ मोटारसायकलच्या ट्रायल्समधून आला. स्पेनमध्ये त्याला 'ट्रायलसिन' म्हणायचे, म्हणजे इंजिनाशिवायची ट्रायल. बसायचं कधीच नसतं, म्हणून सीट नसते. वजन नऊ-दहा किलो, गिअर एकच आणि तोही अगदी हलका.

घरासमोरच्या कट्ट्यावर आणि गल्लीतल्या लाकडी पॅलेटवर हॉप (सायकलसकट उडी) मारून तुम्हाला कंटाळा आला असेल आणि आता खऱ्या खडकावर जायचं असेल, तर पहिला प्रश्न तिथंपर्यंत पोचायचं कसं हाच येतो. माझ्याकडे चारचाकी नाही, तेव्हाही नव्हती. त्यामुळे जे शिकलो ते पायावर आणि पाठीवर शिकलो.

१. निघण्याआधी गिअरचं गणित करा

माझ्या २६ इंची सायकलला पुढं १८ दात आणि मागं १५. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण अडीच मीटर पुढं जाते. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी १२ किलोमीटर. दूधवाल्याच्या काळ्या सायकलला एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर मिळतात. तोच दूधवाला मागं दोन कॅन लावून, शिट्टी वाजवत तुम्हाला मागं टाकणार आहे. मनाची तयारी ठेवा.

इथं नवखा माणूस एक चूक करतो, मीही केली. वाटतं, जोतिबाचा घाट अवघड जाईल. घाटात तर ही सायकल खूश असते! हलका गिअर, उभं राहून मारायचं, वजन कमी. गिअरच्या सायकलवालेसुद्धा घाटात आठ-नऊच्या वेगानंच चालतात, तुम्ही त्यांच्या बरोबरीनं जाता. अवघड आहे ती सपाटी. शिवाजी पूल ते केर्ली हा लांबलचक सरळ रस्ता आहे, आणि तिथं बसायला मिळत नाही, वेग वाढत नाही, पाय नुसते गरगर फिरत राहतात. माझी पाठ दर वेळी सपाटीवरच गेली आहे.

म्हणून नियम असा ठेवा की सपाटीवर जितकी कमी सायकल माराल तितकं बरं. सपाटीसाठी वडाप (माणसं भरून नेणारी जीप) आहे, एसटी आहे, मित्राचा टेम्पो आहे. चढाला सायकल मारा, खडकावर सायकल मारा.

मागचं १५ दातांचं चक्र काढून १२ चं लावलं तर वेग ताशी पंधरापर्यंत जातो, हे खरं. मी ते करून पाहिलं. रस्त्यासाठी एक आणि खडकासाठी एक, अशी दोन चक्रं आणि साखळीचा तुकडा पिशवीत घेऊन फिरलो. उन्हात काळे हात करून चाक काढायचं, साखळी पुन्हा ताणायची, चाक सरळ बसलंय का बघायचं. दुसऱ्या वेळेनंतर नाद सोडला.

२. कुठं जायचं नाही, हे आधी ठरवा

कोल्हापूरभोवती खडकाला तोटा नाही. गावाभोवती बेसॉल्ट आहे, ज्याला आपण काळा दगड म्हणतो. पन्हाळा, मसाई पठार अशा माथ्यांवर जांभा आहे. दोन्हींचा स्वभाव वेगळा. काळा दगड कोरडा असताना टायरला घट्ट धरतो, शेवाळ चढलं की साबण. जांभा खरखरीत, पकड चांगली, पण कडा भुसभुशीत असतात. मागचं चाक कडेवर टेकवलं आणि कड निघून हातात आली, असं होतं. शिवाय टायरची बाजू किसणीवर धरल्यासारखी घासली जाते.

जायचं नाही अशा जागा:

पन्हाळ्याची तटबंदी, बुरूज, दरवाजे. पन्हाळा २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक. पण युनेस्को नसतं तरी तिथं चाक लावायचं नव्हतंच. संरक्षित वास्तूचं नुकसान केलं तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातल्या व्हिडिओंत पोरं जुन्या भिंतींवर उड्या मारताना दिसतात, ते बघून इथं यायचं नाही.

लेणी. पोहाळ्याची असोत की मसाई पठाराजवळची.

मसाई पठाराचा वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. पावसाळ्यानंतर तिथं जी फुलं येतात ती दोन बोटं मातीत उगवतात. एक टायर फिरला की ती माती गेली.

राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचंच नाही, सायकल तर लांबची गोष्ट.

मग उरतं काय? भरपूर उरतं. ओढ्यांची कोरडी पात्रं, डोंगराच्या पायथ्याला घरंगळून आलेले धोंडे, शेताच्या बांधाला रचून ठेवलेले मोठे दगड आणि बंद पडलेल्या दगडखाणी. बंद खाण ही ट्रायल्ससाठी सगळ्यात उत्तम जागा. पायऱ्यापायऱ्यांनी फोडलेला दगड, गुडघ्यापासून छातीपर्यंत सगळ्या उंच्या एकाच ठिकाणी. रंकाळासुद्धा मूळची दगडाची खाणच म्हणतात.

खाणीत दोन धोके असतात. एक, साठलेलं पाणी. वरून डबकं दिसतं, पण कडा सरळ तुटलेल्या असतात आणि आत तळ लागत नाही. पाण्याच्या काठापासून दहा-बारा पावलं लांब राहूनच खेळा. दोन, खाण 'बंद' दिसते पण बंद असतेच असं नाही. आत जाण्याआधी सुरुंगासाठी पाडलेली ताजी भोकं, डंपरच्या चाकोऱ्या दिसतात का बघा. दिसल्या तर मागं फिरा.

३. परवानगी आणि कागद

सायकलला आरटीओची नोंदणी लागत नाही, लायसन्स नाही, विमा नाही. एवढ्यासाठी तरी ही सायकल बरी. ट्रायल्सची मोटारसायकल स्पर्धेसाठी आणलेली आणि बिननोंदणीची असेल तर ती रस्त्यावर चालवताच येत नाही, टेम्पोत घालून न्यावी लागते.

तरी सोबत ठेवा:

- आधारची झेरॉक्स. तिच्या मागं रक्तगट आणि घरच्या दोघांचे मोबाईल नंबर पेनानं लिहा. फोन लॉक असतो, कागद नसतो.
- सायकलच्या बिलाचा फोटो, फ्रेम नंबर दिसेल असा. सुटे भाग बाहेरून मागवले असतील तर कस्टम्सची पावतीही.
- जागेच्या मालकाचं नाव आणि नंबर.

बिल कशाला, असं वाटेल. एकदा अंधार पडल्यावर परत येताना एका नाक्यावर मला थांबवलं. बिनसीटची, बिनघंटीची, परदेशी दिसणारी सायकल आणि चिखलानं भरलेला मी. चोरीची म्हणून सीट काढून टाकली असणार, असा त्यांचा हिशेब. त्यात चूक काही नव्हती, मीही तेच समजलो असतो. बिल नव्हतं. शेवटी मी तिथल्या दुभाजकावर सायकल चढवून दाखवली तेव्हा सुटका झाली, आणि वर चहा मिळाला. हा उपाय दर वेळी चालेल असं मी म्हणत नाही.

परवानगीचं म्हणाल तर खाण असो, ओढा असो, बांध असो, जमीन कुणाची तरी असतेच. आधी एकदा रिकाम्या हातानं, सायकल न नेता जा. रानात जो भेटेल त्याला "काका, हे कुणाचं हाय?" विचारा. मालकाला फोनवरचा एखादा व्हिडिओ दाखवा, म्हणजे आपण काय करणार ते कळतं. नाहीतर त्यांना वाटतं की मोजणीवाले आले. माझ्या अनुभवात दहापैकी आठ जण हो म्हणतात, आणि त्यांतले पाच जण बघायला येतात. पिकात चाक घालायचं नाही, ठिबकच्या नळीवरून जायचं नाही, फाटक होतं तसं लावायचं. एकानं नळी फोडली की जागा सगळ्यांची जाते.

४. सायकल रस्त्यासाठी तयार करा

*हवा.* खडकावर मागच्या चाकात मी १८-२० पीएसआय ठेवतो, पुढं जरा जास्त. तीच हवा ठेवून डांबरी रस्त्यावर निघालात तर चिखलातून सायकल ढकलल्यासारखं वाटेल. रस्त्यासाठी ३५-४० भरा, जागेवर पोचल्यावर सोडा. सोडणं सोपं, परत भरणं अवघड, म्हणून पंप सोबत हवाच. आकडे माझ्या ६८ किलोसाठी आहेत. वजन जास्त असेल तर थोडे वाढवा, नाहीतर रिम दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

*ट्यूब.* सायकल अजून घ्यायची असेल तर हे आधी वाचा. २० इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या सायकलींना पुढचं चाक २० आणि मागचं १९ इंची असतं. १९ चा टायर कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मागितलात तर दुकानदार तुम्हालाच वेड्यात काढेल. २६ इंची घ्या. तिची ट्यूब एमटीबीची (माउंटन बाइकची) म्हणून सगळीकडे मिळते.

*साखळी.* या खेळात साखळी तुटली की माणूस थेट हँडलवर जातो. गुडघा, हनुवटी, दात, जे आधी लागेल ते. लांबच्या रस्त्यावरची धूळ आणि उसाच्या हंगामातला चिखल साखळी खातो. निघण्याआदल्या रात्री प्रत्येक कडी बोटानं वाकवून बघा. एक जरी कडक लागली किंवा बाजूची पट्टी चिरलेली दिसली तर साखळी बदला. जोडून वापरू नका.

*फ्रेम.* हँडलखालचा जोड, पायडलचा जोड आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्या ओल्या फडक्यानं पुसून उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली तर ती ओरखडा आहे की चीर, हे नखानं कळतं. नख अडकलं की जायचं रद्द. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, ॲल्युमिनियमचं आर्गॉन वेल्डिंग करणारे आहेत आणि काम फक्कड करतात, पण वेल्ड केलेल्या फ्रेमवर मी स्वतः मोठी उडी मारत नाही. बॅशगार्ड, म्हणजे पुढच्या चक्राला दगडापासून वाचवणारी कडी, मात्र बिनधास्त तिथून करून घ्या. जुना नमुना नेऊन दिला की लेथवर हुबेहूब तयार होतो. मला तर त्यांनी विचारलं पण नाही की हे कशाचं आहे.

*ब्रेक.* रिमब्रेकसाठी ग्राइंडरनं खरवडलेली रिम असेल तर पॅड पटापट झिजतात. घाट उतरायचा असेल तर अर्ध्याच्या खाली झिजलेले पॅड आधीच बदला.

*दिवा.* मागं लाल लुकलुकणारा आणि पुढं पांढरा. सीटची नळी नसल्यामुळे मागचा दिवा बांधायला जागाच नसते. मी तो पाठीवरच्या पिशवीला लावतो. आणि घंटी लावा, कितीही बावळट दिसली तरी.

५. पिशवीत काय

एक जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, दोन टायर लिव्हर, पंप, ॲलन कीचा संच, साखळीतोड, मागच्या नटाचा पाना, चिंध्या. हातमोजे, पोटऱ्यांचे गार्ड. गार्ड घालून रस्त्यावर निघू नका, घामानं पुरळ उठतं. हेल्मेट मात्र घरापासून डोक्यावर. दोन लिटर पाणी, गुळाचा खडा, शेंगदाणे. पट्टी, बँडेज, जंतुनाशक. सुती दोरी पाच-सहा मीटर, ती कशाला ते शेवटी कळेल.

पिशवी कमरेला आणि छातीला पट्टा असलेली हवी. उभं राहून चालवताना सैल पिशवी डावी-उजवी झुलते आणि केर्लीपर्यंत खांदे गळून येतात. पाण्याचं वजन तळाला ठेवा.

६. प्रत्यक्ष रस्ता

पहाटे निघा, साडेपाच-सहाला. उन्हाच्या आधी, गर्दीच्या आधी. जोतिबाच्या बाजूला जायचं तर शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली आणि तिथून उजवीकडे. पन्हाळ्याकडे जायचं तर केर्लीहून सरळ, पुढं वाघबीळचा चढ. दोन्हीकडे कोल्हापूरपासून अठरा-वीस किलोमीटर. शहर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि हे माथे साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे चारशे मीटर चढ. वर सांगितलं तसं, चढाची भीती नको. पुणे-बेंगळुरू हायवेवरून मात्र ही सायकल नेऊ नका. ताशी बारानं जाणाऱ्याचं तिथं काही काम नाही.

रविवार आणि पौर्णिमा जोतिबाच्या रस्त्याला टाळा. चैत्र यात्रेच्या आठवड्यात तर विचारही नको. ती वाट तेव्हा सासनकाठ्यांची, म्हणजे यात्रेकरूंनी नाचवत नेलेल्या उंच मानाच्या काठ्यांची असते.

शरीराचं असं करा. दर दहा मिनिटांनी पुढचा पाय बदला. पायडल न मारता सायकल पळते तेव्हा आपला एक ठरावीक पाय पुढं राहतो, तो जाणूनबुजून बदला, नाहीतर एकच मांडी भरून येते. हँडल पुढं आणि उंच असल्यामुळे वजन मनगटावर जातं. कोपरं सैल ठेवा, कंबर मागं घ्या. तीन-चार किलोमीटरला एकदा खाली उतरून शंभर पावलं चाला. लाज वाटत असेल तर सायकलीत बिघाड झाल्यासारखं बघत चाला, मी तसंच करतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. ऊस गळीताचा हंगाम सुरू झाला की या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. त्यांचा वेग आपल्यापेक्षा थोडासाच जास्त. ट्रॉलीची साखळी किंवा बाहेर आलेला ऊस धरून फुकट ओढून घ्यायचा मोह होतो, लहानपणी आपण सगळ्यांनीच ते केलंय. या सायकलवर करू नका. एका हातानं हँडल, दुसरा ट्रॉलीला, बुडाखाली काही नाही आणि शेजारी चाक. ट्रॉलीनं खड्डा चुकवला की तुम्ही थेट चाकाखाली.

पावसाळ्यात जागा तशाही निसरड्या असतात, पण रस्त्याचंही बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आकडा इशाऱ्याकडे सरकायला लागला की जाऊ नका. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी बाहेर पडलं, की हा रस्ता पाण्याखाली जातो, आणि सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी पलीकडेच अडकतो.

७. पोचल्यावर लगेच खडकावर चढू नका

दीड-दोन तास उभं राहून आलेले पाय तुम्हाला खोटं सांगतात. गरम असतात म्हणून तयार वाटतात, पण हॉपला लागतो तो झटका त्यांच्यात उरलेला नसतो. माझ्या पोटरीवरचे पाचही व्रण पोचल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातले आहेत.

अर्धा तास बसा. खा, पाणी प्या. हवा सोडा. मग जागेवरून पायी फिरा, हातानं प्रत्येक दगड हलवून बघा, फटीत काठी घाला. खडकाच्या फटी फुरशाच्या, म्हणजे छोट्या पण विषारी सापाच्या, लाडक्या असतात. त्यानंतर सपाट जागेवर नुसता ट्रॅकस्टँड (पाय न टेकता जागेवर तोल धरणं), मग घोट्याएवढ्या दगडावर पेडल किक (पायडलचा झटका देऊन मारलेली उडी). घरी तुम्ही कमरेएवढं चढत असाल तर इथं पहिल्या दिवशी गुडघ्यावर थांबा. कट्ट्याची कड सरळ आणि ओळखीची असते, दगडाची तशी नसते.

एकट्यानं जाऊ नका. अगदीच जावं लागलं तर जागेचं लोकेशन घरी पाठवून ठेवा, कारण दरीत रेंज जाते. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. हाड मोडलंय अशी शंका आली तर सायकल तिथंच मालकाच्या वस्तीवर टाका आणि कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. सायकल कुणी चोरत नाही. तिच्यावर बसणार कुठं?

८. उतार आणि परतीची वाट

परत येताना घाट सायकलवरून उतरू नका, असं मी स्पष्ट सांगतो. उभ्यानं, थकलेल्या हातांनी, छोट्या रिमब्रेकवर सहा-सात किलोमीटर उतार म्हणजे रिम तापते, पॅड गुळगुळीत होतात आणि खरवडलेल्या रिमचा आवाज ऐकून गावची सगळी कुत्री मागं लागतात. उतरायचंच असेल तर दोन वळणांनंतर थांबा, रिमला पाठीचा हात लावून बघा, चटका बसला तर निवेपर्यंत बसा.

त्यापेक्षा वडाप. चढणीवर पाय खर्च केलेत ना, मग उतार आणि सपाटी जीपला द्या. एसटीत सायकल घेणं कंडक्टरच्या मर्जीवर असतं, वडापवाला सहसा नाही म्हणत नाही. टपावर चढवायला ही सायकल म्हणजे काहीच नाही, एका हातानं उचलते. पायडल बोचतात म्हणून ती चिंधीत गुंडाळा. बांधायला दोरी स्वतःची वापरा. टपावरची दोरी बहुतेक वेळा प्लास्टिकची आणि झिजलेली असते. बांधताना फ्रेम बांधा. ब्रेकच्या हायड्रॉलिक नळीवरून दोरी आवळली तर नळी चेपते आणि पुढच्या वेळी लिव्हर थेट हँडलला टेकतो.

भाडं बसायच्या आधी ठरवा. बरेच जण सायकलचं वेगळं घेतात, कुणी अर्धं घेतं. एकानं तर माझी सायकल वर चढवून झाल्यावर सगळीकडून निरखली आणि म्हणाला, "हिचं कशाला घेऊ भाडं, अर्धी तर तुम्ही घरीच ठेवून आलाय."